परसातली कोंबडी: चारा, रवण आणि पिल्ले

मोकळी सोडलेली गावरान कोंबडी दिवसाचा बहुतेक वेळ अन्न शोधण्यात घालवते. पायांनी पाचोळा उकरायचा, दोन पावले मागे सरायचे, मान वाकडी करून एका डोळ्याने जमीन न्याहाळायची आणि दिसेल ते टिपायचे, हा क्रम उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चालतो. ही सवय रानातली आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला लाल रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत आजही असाच जगतो. गवताचे बी, कोवळे कोंब, पडलेली फळे, वाळवी आणि किडे हे त्याचे अन्न. सह्याद्रीत आरवणारा राखी रानकोंबडा ही वेगळी जात. पण पाळीव कोंबड्यांच्या त्वचेचा आणि पायांचा पिवळा रंग त्याच्या वंशातून आला असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आढळले.

नैसर्गिक पद्धतीने कोंबड्या पाळायच्या म्हणजे या रानटी शहाणपणाचा उपयोग करून घ्यायचा. गावरान कोंबडी स्वतःचे अन्न शोधते, स्वतःची अंडी उबवते, पिल्लांना घारीपासून वाचवते आणि काय खावे, काय टाकावे हे शिकवते. पाळणाऱ्याचे काम उरते ते परस जिथे कमी पडतो तिथे भर घालण्याचे. परस कमी पडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी: पिल्लांच्या पहिल्या आठ आठवड्यांत. मोठ्या कोंबड्यांना दाणे घालण्यात लोक हात आखडत नाहीत, पिल्लांकडे मात्र कोणी वेगळे लक्ष देत नाही. खर्चाची आणि श्रमाची ही वाटणी उलटी करणे, एवढा एक बदल परसातल्या कुक्कुटपालनाचे चित्र पालटू शकतो.

परसाची पोच

कोणत्याही परसात रोज ठरावीक इतकेच खाणे तयार होते. घरातले खरकटे, तांदूळ निवडताना पडलेली कणी, गोठ्यातल्या शेणातले किडे, उकिरड्यावरच्या अळ्या, कुंपणाकडेचा कोवळा पाला, खळ्यावर सांडलेले धान्य, एवढीच ही शिदोरी. श्रीलंकेत १९९० च्या दशकात गावातल्या मोकळ्या कोंबड्यांच्या अन्नपिशव्या तपासण्यात आल्या, तेव्हा त्यांत सर्वांत मोठा वाटा घरातल्या खरकट्याचा निघाला. महाराष्ट्रातल्या खेड्यात किंवा पाड्यावर चित्र फार वेगळे नसावे. जितकी चूल मोठी, तितक्या कोंबड्या पोसल्या जातात.

ही पोच ओलांडली की परिणाम आधी अंड्यांवर दिसतो आणि मग पिल्लांवर. पाच कोंबड्यांच्या जागी बारा झाल्या म्हणून अंडी दुप्पट होत नाहीत. शोधून मिळणारे अन्न बारा तोंडांत वाटले जाते, प्रत्येकीचे वजन घटते, आणि धावपळीत सर्वांत मागे पडणारी पिल्ले उपाशी राहतात. म्हणून कळप वाढवण्याआधी खाणे वाढवावे, किंवा विक्रीला आलेले कोंबडे वेळेवर काढून जागा मोकळी करावी.

परसातले खाणे ऋतूप्रमाणेही बदलते. सुगीत आणि त्यानंतरचे दोन महिने दाण्याची कमतरता नसते. पावसाळ्यात गांडुळे, किडे आणि कोवळा पाला भरपूर असतो, पण दाणा दुर्मीळ होतो. चैत्र-वैशाखात जमीन कडक होते, किडे खोल जातात, हिरवे काही उरत नाही. वर्षातला हा सर्वांत कठीण काळ. त्यामुळे वर्षभर रोज मूठभर ज्वारी टाकणे ही पद्धत फारशी उपयोगाची नाही. सुगीनंतर पेंड किंवा सुकट द्यावी, पावसाळ्यात दाणा द्यावा, आणि उन्हाळ्यात दोन्हींबरोबर हिरवा पाला व सावलीतले पाणी.

सव्वा ते दीड किलो वजनाच्या गावरान कोंबडीला दिवसाला ७० ते ८० ग्रॅम खाणे लागते. चांगल्या परसात त्यातले निम्म्याहून अधिक ती स्वतः मिळवते. वरून ३० ते ४० ग्रॅम पुरते, आणि ते संध्याकाळी खुराड्याजवळ द्यावे. सकाळीच पोट भरले तर ती उकरायला फारशी जात नाही. संध्याकाळच्या दाण्याच्या ओढीने मात्र सगळा कळप अंधार पडण्याआधी घरी येतो आणि मोजताही येतो. पाणी खाण्याच्या साधारण दुप्पट लागते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. पसरट मातीचे भांडे सावलीत ठेवून दिवसातून दोनदा पाणी बदलले तर वेगळे काही करावे लागत नाही.

दाणा, पेंड आणि पाला

कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा आधी गळ्याच्या तळाशी असलेल्या अन्नपिशवीत साठतो, तिथे भिजतो आणि पाचक रस मिसळल्यावर पेषणीत येतो. पेषणी म्हणजे जाड स्नायूंची पिशवी. कोंबडीने गिळलेले बारीक खडे तिच्यात असतात आणि त्यांच्यावर दाणा भरडला जातो. मोकळ्या कोंबडीला खडे आपोआप मिळतात. जी कोंबडी सिमेंटच्या अंगणात किंवा जाळीत कोंडलेली असते, तिला मात्र जाड वाळू ठेवावीच लागते, नाहीतर अख्खा दाणा नीट पचत नाही.

ऊर्जेसाठी ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, वरी, भाताची कणी असे जे पिकते ते चालते. बाहेरून मका विकत आणण्यापेक्षा कोकणात कणी आणि नाचणी, देशावर ज्वारी-बाजरी वापरणे स्वस्त पडते. नाचणीत इतर धान्यांपेक्षा चुना बराच अधिक असल्याने अंड्यावरच्या कोंबडीला ती विशेष उपयोगी. भाताच्या गिरणीतला मऊ कोंडा स्वस्त आणि पौष्टिक, पण त्यात तेल असते, त्यामुळे तो लवकर खवट होतो. पंधरवड्याला पुरेल इतकाच आणावा.

खरी अडचण प्रथिनांची. धान्यात प्रथिने ९-१० टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला आहारात १६ टक्के लागतात आणि पहिल्या आठवड्यांतल्या पिल्लांना सुमारे २० टक्के. ही तूट कोंबडी रानात किड्यांनी भरून काढते, परसात ती पेंडीने आणि माशांनी भरावी लागते. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिने भरपूर असली, तरी लायसिन आणि मिथिओनिन ही दोन अत्यावश्यक अमिनो आम्ले कमी पडतात. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन चांगले असते. दोन्हींची उणीव सुकट उत्तम भरून काढते. किनारपट्टीवर जवळा किंवा बारीक मासळीची कुटी सहज मिळते. ती बिनमिठाची असावी. खारवलेल्या मासळीतले मीठ पिल्लांना मारू शकते.

कच्चे सोयाबीन कधीही घालू नये. त्यात प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात आणि ते भाजल्याशिवाय किंवा उकडल्याशिवाय नष्ट होत नाहीत. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. गायी-म्हशींना ती चालते. कोंबडीच्या अंड्यातला बलक मात्र साठवणीत हिरवट होतो आणि पिल्लांची वाढ खुंटते. विदर्भ-मराठवाड्यात ही पेंड घरोघर असल्याने चूक सहज घडते.

किडे मिळवण्याची एक जुनी आणि बिनखर्चाची रीत वाळवीची आहे. जुन्या मडक्यात ओले शेण, गवताच्या काड्या आणि ज्वारीची तुसे भरायची आणि वारुळाजवळ वाळवीची वाट दिसते तिथे मडके पालथे घालायचे. वर ओले पोते टाकले की एका-दोन दिवसांत आत वाळवी भरते. सकाळी मडके झटकून पिल्लांपुढे टाकायचे. बुर्किना फासो आणि टोगो या पश्चिम आफ्रिकी देशांत पिल्ले वाढवण्याची ही सर्रास रीत आहे. गोठ्याजवळचा शेणखताचा ढीग आठवड्यातून एकदा फावड्याने उलटला तरी पिल्लांना चांगले खाणे मिळते.

अझोलाचा अलीकडे फार बोलबाला आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहणे बरे. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद खड्ड्यात प्लास्टिक अंथरून, चाळलेली माती, शेणकाला आणि वीतभर पाणी घालून अझोला सोडला, तर दोन आठवड्यांनी रोज सुमारे अर्धा किलो निघू लागतो. कोरडा केल्यास त्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात, हे खरे. पण ताज्या अझोलात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. अर्धा किलोतून कोरडा माल निघतो साधारण ३५ ग्रॅम, आणि प्रथिने सात-आठ ग्रॅम. एका अंड्यावरच्या कोंबडीची रोजची गरज ११ ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे एका खड्ड्याने एका कोंबडीचीही प्रथिनांची पूर्ण गरज भागत नाही. हिरवा चारा म्हणून अझोला चांगला, बलकाला रंगही छान देतो. पेंडीची जागा मात्र तो घेऊ शकत नाही. शेवग्याचा पाला, लसूणघास, राजगिरा, पालक, कोथिंबिरीची देठे यांचेही तसेच. जीवनसत्त्वे आणि बलकाचा गडद रंग त्यांतून मिळतो. पाला जमिनीवर न टाकता कोंबड्यांच्या मानेच्या उंचीवर जुडी बांधून टांगावा. तुडवला जात नाही आणि विष्ठेने खराबही होत नाही.

राहिला चुना. एका अंड्याच्या कवचात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते बाहेरून मिळाले नाही तर कोंबडी आपल्या हाडांतून काढते, कवच पातळ पडते आणि शेवटी ती अंडी घालणे थांबवते. कुटलेले शिंपले किंवा उकळून, वाळवून चुरलेली अंड्याची टरफले वेगळ्या करवंटीत ठेवावीत. ती खाण्यात मिसळू नयेत. अंडी घालणाऱ्या कोंबडीला चुना हवा असतो आणि ती स्वतःहून येऊन हवा तितका टिपते. वाढत्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या माद्यांना) आणि नरांना तो जास्त झाला तर मूत्रपिंडावर ताण येतो. टरफले चुरूनच द्यावीत. अख्ख्या टरफलाची ओळख झालेली कोंबडी पुढे घरट्यातली अंडी फोडू लागते आणि ही खोड जाता जात नाही.

बुरशी आणि विषबाधा

गावातल्या कोंबड्या अचानक मरतात तेव्हा संशय रोगावर जातो, पण पुष्कळदा कारण खाण्यात असते. भिजलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड यांवर वाढणारी बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर आघात करते आणि शिजवून किंवा भाजून भरवशाने जात नाही. पावसाळ्यात धान्यातला ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर गेला की धोका सुरू होतो. कुबट वास आलेले, गाठी झालेले किंवा हिरवट पडलेले धान्य ‘माणसाला नको, निदान कोंबड्यांना तरी’ म्हणून टाकण्याची पद्धत सोडून द्यायला हवी. पिल्लांना हे विष मोठ्या कोंबड्यांपेक्षा लवकर बाधते.

दुसरा धोका पेरणीच्या दिवसांतला. बीजप्रक्रिया केलेले बियाणे रंगीत असते; उरलेले बियाणे धुऊन कोंबड्यांना घालू नये, पेरलेल्या शेतात त्यांना दोन-तीन दिवस सोडू नये. उंदरांसाठी ठेवलेले औषध आणि फवारणीच्या पंपाखाली साचलेले पाणी यांनीही कळप जातात.

रवण

अंडे फळायला कोंबडा लागतो, घालायला नाही. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरेसा होतो. जास्त ठेवले तर ते आपापसांत झुंजतात आणि अंडी कमी फळतात. एकदा मीलन झाल्यावर कोंबडीच्या शरीरात शुक्राणू दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ जिवंत राहतात. म्हणून नवा कोंबडा आणल्यावर त्याचीच पिल्ले हवी असतील तर तीन आठवडे थांबून मग अंडी गोळा करावीत.

गावरान कोंबडी सलग बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते, म्हणजे रवणाला, अंडी उबवायला बसू पाहते. ती घरटे सोडत नाही, हात नेला की पिसे फुलवते, गळ्यातून जाड आवाज काढते. प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचा हा परिणाम. त्याच वेळी तिच्या पोटाखालची पिसे गळतात आणि उघडी, ऊबदार त्वचा अंड्यांना टेकते. जास्त अंड्यांसाठी निवडलेल्या व्यापारी जातींतून हा गुण जवळजवळ नाहीसा झाला आहे. वनराजा किंवा ग्रामप्रियासारख्या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेल्या सुधारित कोंबड्याही सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. परसात कितीही सुधारित वाण आणले, तरी दोन-तीन खुडूक होणाऱ्या गावरान कोंबड्या राखल्याशिवाय कळप स्वतःच्या बळावर टिकत नाही.

बसवायची अंडी मध्यम आकाराची, एकसारख्या कवचाची आणि स्वच्छ असावीत. ती धुऊ नयेत. कवचावरचा पातळ थर निघून गेला की जंतूंना वाट मोकळी होते. निमुळते टोक खाली ठेवून ती थंड जागी साठवावीत. साधारण २० अंशांखाली गर्भाची वाढ थांबलेली असते, त्याहून बऱ्याच वरच्या तापमानात ती अर्धवट सुरू होते आणि गर्भ मरतो. थंडीत सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांचीच घ्यावीत. ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात कापड अंथरून अंडी ठेवली की उन्हाळ्यातही बराच गारवा मिळतो. फ्रीजमध्ये ठेवलेली अंडी रवणाला घेऊ नयेत.

बसण्याची जागा अंधारी, शांत आणि इतर कोंबड्यांपासून दूर असावी. टोपलीत किंवा जुन्या पाटीत तळाला ओलसर माती, त्यावर राख आणि त्यावर भाताचा पेंढा घालून मध्ये उथळ खळगा करावा. मातीच्या ओलाव्याने अंडी फार सुकत नाहीत. अंड्याचे वजन उबवणीच्या काळात १२-१३ टक्क्यांनी घटायला हवेच, पण कोरड्या उन्हाळ्यात ते त्याहून जास्त घटते आणि पिल्लू कवचाला आतून चिकटते. बसवण्याआधी कोंबडीच्या पंखांखाली आणि शेपटीजवळ उवा आहेत का ते पाहावे. उवांनी बेजार झालेली कोंबडी रवण अर्ध्यावर सोडते. राख आणि कोरडी माती यांत तिला दोन-तीन दिवस लोळू दिले आणि पेंढ्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला घातला की त्रास बराच कमी होतो.

कोंबडी रात्री हलवावी. पहिला दिवस एक-दोन टाकाऊ अंड्यांवर बसू द्यावे आणि ती स्थिर झाली की रात्रीच खरी अंडी सारावीत. मोठ्या अंगाच्या कोंबडीखाली बारा-पंधरा, लहान चणीच्या कोंबडीखाली नऊ-दहा अंडी पुरेत. अंगाखालून बाहेर राहिलेले अंडे एका रात्रीत गार होते, आणि ती सतत अंडी फिरवत असल्याने दुसऱ्या रात्री दुसरेच बाहेर येते. लोभाने जास्त अंडी ठेवली तर अशी सगळीच बिघडतात. दोन-तीन कोंबड्या एकाच दिवशी बसवणे फार सोयीचे असते. पुढे अंडी आणि पिल्ले एकत्र करून एखादी कोंबडी मोकळी करता येते.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते. तिला जवळच अख्खा दाणा आणि पाणी मिळाले तर ती लांब जात नाही. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे विजेरी धरून तपासावे. फळलेल्या अंड्यात एक गडद ठिपका आणि त्यातून फाटे फुटावेत तशा लाल शिरा दिसतात. न फळलेले अंडे स्वच्छ दिसते, मेलेल्या गर्भाभोवती लाल कडे उरते. ही दोन्ही काढून टाकावीत, कारण सडलेले अंडे फुटले तर इतरांनाही धोका असतो.

अठराव्या दिवसानंतर हात लावू नये. विसाव्या दिवशी पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाकडल्या हवेच्या पोकळीत चोच घुसवते आणि फुप्फुसांनी पहिला श्वास घेते. तेव्हापासून आतून किलबिल ऐकू येते आणि कोंबडी तिला हलक्या आवाजात उत्तर देते. चोचीवरच्या टणक टोकाने कवच फोडायला त्याला बराच वेळ लागतो. मदत म्हणून कवच सोलणे घातक ठरते, कारण त्या काळात बलक पोटात ओढला जात असतो आणि कवचाच्या आतल्या पडद्यातले रक्त परत पिल्लात जात असते. त्याच बलकावर पिल्लू दोन दिवस तग धरते. कोंबडी पहिल्या पिल्लांना घेऊन लगेच उठत नाही, उशिरा फुटणाऱ्यांची वाट पाहते, ती या साठ्याच्या भरवशावरच.

महाराष्ट्रात रवण बसवायला दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हवा कोरडी असते, परसात दाणा असतो, रोग कमी. पिल्ले उन्हाळ्याआधी अंगाला पिसे धरतात. ऐन उन्हाळ्यात अंडी साठवणीतच बिघडतात, तर जुलै-ऑगस्टमधली पिल्ले ओलीने गारठतात आणि रक्ती हगवणीने जातात.

पिल्लांचे आठ आठवडे

मोकळ्या पद्धतीत अनेकदा निम्मी पिल्ले पहिल्या आठ आठवड्यांतच जातात. घार, मुंगूस, बोका, पाऊस, मोठ्या कोंबड्यांच्या टोची, आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेली भूक. उपाशी पिल्लू आईपासून लांब भटकते, आणि लांब गेलेले पिल्लूच घारीला सापडते.

पहिले दोन आठवडे कोंबडी पिल्लांसह मोठ्या डालग्याखाली ठेवावी. जागा रोज बदलावी, तळाला कोरडी राख किंवा भुसा असावा. आईच्या पोटाखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब मिळत असल्याने दिव्याची गरज पडत नाही. पुढे दिवसा मोकळे सोडावे, पण खाण्यासाठी पिल्लांची वेगळी जागा करावी: बांबूच्या कामट्यांचा पिंजरा, चार-पाच सेंटिमीटरच्या फटी ठेवलेला, ज्यातून पिल्लू आत जाईल आणि मोठी कोंबडी बाहेर राहील. एवढ्या साध्या सोयीने महागडे खाणे ज्याच्यासाठी आहे त्याच्याच पोटात जाते.

या पिंजऱ्यातले खाणे घरी करता येते. भरडलेला मका किंवा ज्वारी ५० भाग, भाताचा मऊ कोंडा १५, सोयाबीनची पेंड २५, बिनमिठाच्या सुकटीचा कूट ८ आणि क्षारमिश्रण २, अशा मिश्रणात प्रथिने २० टक्क्यांच्या थोडी वर भरतात. ते कोरडेच द्यावे. भिजवलेले उरले तर दुपारपर्यंत आंबते. गावरान पिल्लाला आठ आठवड्यांत सुमारे एक ते सव्वा किलो खाणे लागते. म्हणजे दहा पिल्लांमागे दहा-बारा किलो. परसातल्या कोंबड्यांवर पैसे खर्च करायचे असतील तर ते आधी इथे करावेत.

याचा दुसरा लाभ कोंबडीला होतो. अंडी घालणे तीन आठवडे, उबवणे तीन आठवडे, पिल्लांबरोबर दहा-बारा आठवडे आणि विश्रांती दोन आठवडे धरली, तर एक फेरी साधारण अठरा आठवड्यांची होते; वर्षात तीनही पुऱ्या होत नाहीत आणि अंडी चाळिशीच्या आसपास अडकतात. पिल्लांना चांगले खाणे मिळून ती पाचव्या आठवड्यात वेगळी करता आली, तर फेरी तेरा आठवड्यांवर येते आणि वर्षात चार रवणे होतात. पिल्लांचा भार नसलेली कोंबडी लवकर अंड्यावर येते. खुडूक मोडण्यासाठी तिला पाण्यात बुडवणे किंवा नाकात पीस खुपसणे या क्रूर रीतींची काही गरज नाही. बसवायची नसेल तर खालून वारा लागेल अशा उंच टांगलेल्या कामट्यांच्या पिंजऱ्यात, दाणा-पाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवले की ती मोकळी होते.

नैसर्गिक पद्धतीची मर्यादाही इथेच सांगायला हवी. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूजन्य रोग संपूर्ण गावाचे कळप आठवड्यात संपवतो. कुमाऊंमधल्या राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास त्याची साथ आली, त्यावरून भारतात हे नाव पडले. लसूण, हळद, कडुनिंब यांपैकी कशानेही तो थांबत नाही. लसच द्यावी लागते: पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही टोचायची लस. देवीची लसही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. लसीच्या कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि ती फोडल्यावर दोन-तीन तासांतच वापरावी लागते, म्हणून एकेका घराला ती परवडत नाही. वाडीने किंवा पाड्याने मिळून एकाच दिवशी बर्फातून कुपी आणवून सगळ्यांच्या कोंबड्या टोचून घेतल्या, तर खर्च नगण्य होतो आणि साथीला शिरायला जागा उरत नाही.

पुढची पिढी

गावरान या नावाखाली एकच जात नाही. नंदुरबार-धुळे आणि लगतच्या गुजरातमधली बसरा, छत्तीसगड-आंध्रकडची झुंजार असील, मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळ्या मांसाची कडकनाथ या नोंदलेल्या जाती आहेत. कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिची मागणी वाढली, पण ती रवणाला फारशी बसत नाही. असीलची कोंबडी मात्र उत्तम आई असते. कोकण-देशावरच्या बहुसंख्य कोंबड्या कोणत्याही नोंदलेल्या जातीच्या नाहीत, आणि तरीही त्या त्या गावच्या पावसाला, उन्हाला आणि घारींना सरावलेल्या आहेत. उघड्या मानेची कोंबडी काही कळपांत दिसते. या गुणामुळे अंगावरची पिसे २० ते ४० टक्क्यांनी कमी होतात आणि उष्णता सहज बाहेर पडते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा गुण जपण्यासारखा आहे.

निवड करताना कोंबडीची आई म्हणून कामगिरी पाहावी: किती अंडी घातली यापेक्षा किती पिल्ले तीन महिन्यांची केली. भिंतीवर खडूने प्रत्येकीच्या नावापुढे दोन आकडे लिहिले तरी वर्षाअखेरीस कोणती ठेवावी हे कळते. कोंबड्याची निवड अशा कोंबडीच्या पिल्लांतूनच व्हावी, कारण चांगल्या आईचे गुण मुलग्यातूनही पुढच्या तलंगांत उतरतात. पुढच्या पिढीतल्या निम्म्या जनुकांचा मालक एकटा कोंबडा असतो.

तोच कोंबडा वर्षानुवर्षे राहिला तर बाप आणि लेकी यांचे मीलन होते. अशा एका मीलनातून झालेल्या पिल्लांत आंतरप्रजननाचे प्रमाण २५ टक्के असते. अंडी कमी फुटतात, पिल्ले अशक्त निघतात, रोगाला लवकर बळी पडतात. दर वर्षी, फार तर दीड वर्षाने, दुसऱ्या गावच्या कोंबड्याशी अदलाबदल करावी आणि नवा आलेला पंधरा-वीस दिवस वेगळा ठेवून मग कळपात सोडावा.

परसातल्या कोंबड्यांचे सर्वांत मोठे नुकसान मात्र बाजाराच्या दिवशी होते. गटारीला किंवा जत्रेला सर्वांत आधी विकला जातो तो सर्वांत भरदार, लवकर वाढलेला, तजेलदार तुऱ्याचा कोंबडा, आणि कळपात मागे उरतो तो कोणी न घेतलेला. पाच-सहा पिढ्या असे झाले की कोंबड्या लहान होत जातात आणि दोष गावरान जातीला दिला जातो. प्रत्येक रवणातला पहिल्या प्रतीचा एक कोंबडा पायात दोरा बांधून वेगळा राखावा आणि कितीही भाव आला तरी विकू नये.